प्रतिनिधी उत्तर कोणाला देतो? गोव्याच्या विधानसभेतील पक्षांतरांचा शोध

लोकप्रतिनिधी मतदारांचे काम करतो की स्वतःची कारकीर्द घडवतो, हा प्रश्न बहुतेक वेळा व्यक्तीच्या चारित्र्याचा प्रश्न म्हणून विचारला जातो आणि त्यामुळे त्याचे उत्तरही चांगली माणसे आणि वाईट माणसे यांच्या यादीत संपते. वास्तविक ज्याला मंत्री व्हावेसे वाटते तो आमदार केवळ त्या इच्छेमुळे मतदारांचा शत्रू ठरत नाही. सत्तेची आकांक्षा नसलेला माणूस राजकारणात फारसा येत नाही, आणि आला तरी टिकत नाही. विचारण्याजोगा प्रश्न आहे तो असा की, ही आकांक्षा पूर्ण करून घेण्यासाठी त्याला कोणाचा उंबरठा झिजवावा लागतो. तो उंबरठा मतदाराचा असेल तर स्वार्थ आणि सेवा यांची वाट बऱ्याच अंतरापर्यंत एकच असते. तो अन्य कोणाचा असेल तर चांगल्या हेतूने निवडून आलेला माणूसही हळूहळू मतदारापासून दूर जातो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी राज्यघटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना या प्रश्नाचा पाया घालून दिला होता. लोकशाही शासनसंस्थेत स्थैर्य आणि जबाबदारी हे दोन्ही गुण असावे लागतात, परंतु दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी पद्धत उपलब्ध नाही, आणि मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला अधिक महत्त्व देऊन संसदीय पद्धत स्वीकारली आहे, अशी त्यांची मांडणी होती. या पद्धतीत सरकारच्या जबाबदारीचे मूल्यमापन दोन प्रकारे होते: एक दैनंदिन, जे सभागृहातील सदस्य प्रश्न, ठराव, स्थगन प्रस्ताव आणि अविश्वास ठराव यांच्या द्वारे करतात, आणि दुसरे नियतकालिक, जे मतदार निवडणुकीच्या वेळी करतात. प्रतिनिधी कोणाचा, हे ठरवण्यासाठी या दोन मूल्यमापनांइतकी नेमकी मोजपट्टी दुसरी नाही. ती भारतातील सर्वांत लहान राज्याला, म्हणजे गोव्याला, लावून पाहिली असता काय दिसते याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विश्वस्त, मुखत्यार आणि पक्षाचा सैनिक

प्रतिनिधित्वाच्या सिद्धान्तात दोन भूमिका परंपरेने सांगितल्या जातात. पहिल्या भूमिकेनुसार प्रतिनिधी हा विश्वस्त असतो, म्हणजे मतदारांनी त्याच्या विवेकावर विश्वास टाकलेला असतो आणि प्रसंगी त्यांच्या तात्कालिक मताविरुद्ध जाऊनही त्यांचे हित पाहणे हे त्याचे कर्तव्य ठरते. एडमंड बर्क याने १७७४ साली ब्रिस्टलच्या मतदारांपुढे ही भूमिका स्पष्ट शब्दांत मांडली आणि १७८० साली, त्या मतदारांचा पाठिंबा उरला नाही असे दिसताच, तेथील निवडणुकीतून माघार घेतली. विश्वस्ताची भूमिका घेणाऱ्याने तिची किंमतही मोजावयाची असते, हा त्या प्रसंगाचा कमी सांगितला जाणारा भाग आहे. दुसऱ्या भूमिकेनुसार प्रतिनिधी हा मुखत्यार असतो, म्हणजे ज्यांनी त्याला पाठवले त्यांनी दिलेल्या आदेशाबाहेर जाण्याचा अधिकार त्याला नसतो.

आधुनिक पक्षपद्धतीने या दोहोंमध्ये तिसरी भूमिका आणून बसवली. आज आमदार बहुधा पक्षाच्या चिन्हावर निवडून येतो, त्याची उमेदवारी पक्षश्रेष्ठी ठरवतात, आणि सभागृहात कसे मतदान करावयाचे हे पक्षादेश, म्हणजे रोजच्या भाषेतील व्हीप, ठरवतो. त्यामुळे पक्षाशी निष्ठा आणि मतदाराशी निष्ठा यांची सांगड कशी घालावयाची, हा भारतीय प्रतिनिधित्वाचा मध्यवर्ती पेच झाला आहे. पक्ष सोडणारा आमदार आपण मतदारांसाठी पक्ष सोडल्याचे सांगतो आणि पक्ष न सोडणारा आपण मतदारांसाठी पक्षात राहिल्याचे सांगतो. या दोन दाव्यांपैकी खरा कोणता, हे तपासण्याची यंत्रणाच जर मोडली असेल तर दोन्ही दावे सारखेच निरर्थक होतात.

१९६७ : एकाच वर्षातील दोन धडे

गोव्यातील मतदाराला हा पेच नवा नाही, आणि त्याने तो एकदा असामान्य प्रगल्भतेने सोडवलेला आहे. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत सत्तेवर आलेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा मुख्य कार्यक्रम गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण करण्याचा होता, तर जॅक सिक्वेरा यांच्या नेतृत्वाखालील युनायटेड गोवन्स पक्ष त्याच्या विरोधात उभा होता. विधानसभेत बहुमत आहे म्हणून ठराव करून हा प्रश्न निकाली काढता आला असता; परंतु तसे न होता १६ जानेवारी १९६७ रोजी थेट जनमत कौल घेण्यात आला आणि त्यासाठी दयानंद बांदोडकर यांच्या सरकारने आधी राजीनामा दिला. कौलात संघप्रदेश राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. त्यानंतर काही आठवड्यांतच झालेल्या निवडणुकीत मतदारांनी त्याच बांदोडकरांच्या पक्षाला पुन्हा सत्ता दिली.

या घटनेचा अर्थ प्रतिनिधित्वाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. एका प्रश्नावर आपल्या प्रतिनिधीचे मत नाकारणे आणि तरीही राज्य चालवण्यासाठी त्याच्यावर विश्वास ठेवणे, या दोन गोष्टी मतदार वेगळ्या करू शकतो, हे गोव्याने सिद्ध केले. आणि हे शक्य झाले, कारण निर्णयाच्या क्षणी त्याला विचारण्यात आले होते.

त्याच वर्षी हरियाणात उलट चित्र दिसले. गया लाल नावाच्या आमदाराने पंधरवड्याच्या आत तीन वेळा पक्ष बदलला आणि 'आयाराम गयाराम' हा शब्दप्रयोग देशाच्या राजकीय भाषेत कायमचा शिरला. पुढे केंद्रीय गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने या प्रकाराची मोजदाद केली, तेव्हा १९६७ च्या निवडणुकीनंतरच्या एका वर्षात किमान ४३८ पक्षांतरे झाल्याचे आढळले, तर पहिल्या ते चौथ्या सार्वत्रिक निवडणुकीदरम्यानच्या संपूर्ण काळात ही संख्या सुमारे ५४२ होती. समितीने नोंदवलेली दुसरी आकडेवारी अधिक बोलकी आहे: सात राज्यांतील २१० पक्षांतरित आमदारांपैकी ११६ जणांना, त्यांनीच पक्षांतर करून आणलेल्या सरकारांत, मंत्रिपदे मिळाली होती. पक्षांतराचे कारण विचारसरणी की कारकीर्द, या प्रश्नावर इतका थेट पुरावा क्वचितच उपलब्ध होतो.

दोन तृतीयांशाचे अंकगणित

या रोगावर १९८५ साली बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट हा उपाय आणला. त्यातील मुख्य नियम सोपा आहे: जो सदस्य स्वेच्छेने पक्षाचे सदस्यत्व सोडतो किंवा व्हीपच्या विरोधात मतदान करतो, तो सभागृहाचा सदस्य राहण्यास अपात्र ठरतो. मात्र सुरुवातीपासून या नियमाला दोन अपवाद होते. विधिमंडळ पक्षातील एक तृतीयांश सदस्य एकत्र बाहेर पडल्यास ती 'फूट' मानली जाई आणि तिला संरक्षण होते. दोन तृतीयांश सदस्यांनी अन्य पक्षातील विलीनीकरणास संमती दिल्यास त्यालाही संरक्षण होते. पहिला अपवाद २००३ च्या एक्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने रद्द झाला, दुसरा कायम राहिला. परिणामी एकट्याने पक्ष सोडला तर तो गुन्हा आणि टोळीने सोडला तर तो हक्क, अशी व्यवस्था अस्तित्वात आली.

गोव्याच्या राजकारणाने या व्यवस्थेच्या दोन्ही टप्प्यांचा पुरेपूर वापर केला. १९९० च्या मार्चमध्ये सत्ताधारी काँग्रेसमधून एक गट बाहेर पडला, प्रतापसिंह राणे यांचे सरकार कोसळले, चर्चिल आलेमाव अठरा दिवसांसाठी मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्यानंतर लुईस प्रोत बार्बोझा त्या पदावर आले, जे त्याआधी विधानसभेचे सभापती होते. पुढच्या दहा वर्षांत मुख्यमंत्रिपदाची शपथ दहाहून अधिक वेळा घेतली गेली. पक्षाचा लेखी राजीनामा दिलेला नसला तरी आमदाराच्या वर्तनावरून त्याने पक्ष स्वेच्छेने सोडल्याचा निष्कर्ष काढता येतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली ज्या खटल्यात सांगितले, तो रवी नाईक खटलाही गोव्यातूनच आला होता.

फुटीची सवलत गेल्यानंतर विलीनीकरणाच्या सवलतीचा वापर कसा झाला, हे २०१७ ते २०२२ या काळातील घटना जवळून पाहिल्यास स्पष्ट होते. २०१७ च्या निवडणुकीत चाळीसपैकी सतरा जागा काँग्रेसला आणि तेरा भारतीय जनता पक्षाला मिळाल्या, तरी सरकार भाजपच्या नेतृत्वाखालील आघाडीचे आले. २७ मार्च २०१९ च्या रात्री महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या तीनपैकी दोन आमदारांनी भाजपमध्ये विलीन होण्याचे पत्र दिले; दुसऱ्या दिवशी त्यांपैकी दीपक पाऊसकर यांचा मंत्री म्हणून शपथविधी झाला. १० जुलै २०१९ रोजी काँग्रेसच्या पंधरापैकी दहा आमदारांनी चंद्रकांत कवळेकर यांच्या नेतृत्वाखाली तोच मार्ग धरला आणि तीन दिवसांनी कवळेकर, जे त्या आठवड्याच्या आरंभी विरोधी पक्षनेते होते, उपमुख्यमंत्री झाले. या दहा जणांत बाबूश मोन्सेरात हेही होते, ज्यांना पणजीच्या मतदारांनी त्याच वर्षीच्या मे महिन्यातील पोटनिवडणुकीत काँग्रेसचे उमेदवार म्हणून निवडून दिले होते. म्हणजे मतदाराने दिलेला कौल दोन महिनेही टिकला नाही. १४ सप्टेंबर २०२२ रोजी, नव्या विधानसभेच्या पहिल्याच वर्षात, काँग्रेसच्या अकरापैकी आठ आमदार भाजपमध्ये गेले.

तीनाचे दोन तृतीयांश दोन, पंधराचे दहा, आणि अकराचे पूर्णांकात आठ. तिन्ही वेळा बाहेर पडणाऱ्यांची संख्या कायद्याला लागणाऱ्या किमान संख्येइतकीच होती, एकानेही अधिक नव्हती. विचार बदलल्यामुळे माणसे पक्ष सोडत असती तर त्यांची संख्या कधी कमी, कधी अधिक भरली असती; ती दर वेळी नेमकी तेवढीच भरते, याचा अर्थ आधी आकडा ठरतो आणि मग माणसे जमवली जातात. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेने काढलेल्या हिशेबानुसार २०१७ ते २०२२ या पाच वर्षांत गोव्याच्या चाळीसपैकी चोवीस आमदारांनी पक्ष बदलला.

'मतदारसंघाच्या विकासासाठी'

पक्षांतर करणारा प्रत्येक आमदार एकच कारण सांगतो: मतदारसंघाचा विकास. २०१९ मध्ये कवळेकर यांनी हेच सांगितले, आणि त्यांच्या आधीच्या व नंतरच्या अनेकांनी तेच सांगितले. हे कारण निव्वळ बहाणा म्हणून झटकून टाकणे अभ्यासाच्या दृष्टीने चुकीचे ठरेल, कारण त्यात एक कटू सत्य दडलेले आहे. गोव्याचा मतदारसंघ सरासरी तीस हजार मतदारांच्या आतबाहेर असतो. एवढ्या लहान मतदारसंघात आमदार प्रत्येक वाड्यावर ओळखीचा असतो, आणि रस्त्याचे डांबरीकरण, नळाची जोडणी, मुलाची सरकारी नोकरी, सामाजिक योजनेच्या अर्जाची मंजुरी या सगळ्यांसाठी लोक त्याच्याच दारात येतात. विरोधी बाकांवरील आमदाराची कामे अडतात आणि सत्ताधारी आमदाराची होतात, असा अनुभव मतदाराला येत असेल तर आमदार सत्तेकडे गेल्याने आपले भले होईल असे त्यालाही वाटू लागते.

पण येथेच मूळ प्रश्नाची गाठ आहे. रस्ता आणि पाणी हा नागरिकाचा हक्क आहे, तो कोणत्या पक्षाला मत दिले यावर अवलंबून असता कामा नये. सरकार विरोधकाच्या मतदारसंघाला हक्काचे देणे नाकारते म्हणून आमदार सत्तेकडे जातो, आणि आमदार जातो म्हणून सरकारला तसे नाकारण्याची सवय लागते. या चक्रात आमदार मतदाराचे काम करून घेत नसतो, तर मतदाराच्या अडवणुकीचे रूपांतर स्वतःच्या पदात करून घेत असतो.

पदांचे गणितही गोव्यात विशेष मोहात पाडणारे आहे. एक्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा आकार सभागृहाच्या पंधरा टक्क्यांपर्यंत मर्यादित केला, परंतु लहान राज्यांसाठी किमान बारा मंत्र्यांची मुभा ठेवली. चाळीस सदस्यांच्या सभागृहात बारा मंत्री म्हणजे सरकार चालवण्यास पुरेशा एकवीस आमदारांपैकी निम्म्याहून अधिकांना मंत्रिपद मिळू शकते, आणि उरलेल्यांसाठी कदंब वाहतूक महामंडळासारख्या संस्थांची अध्यक्षपदे असतात. जेथे सत्ताधारी बाजूच्या प्रत्येक आमदाराला काही ना काही मिळण्याची शक्यता असते, तेथे विरोधी बाकांवर पाच वर्षे बसणे ही केवळ तत्त्वनिष्ठेची नव्हे, तर चिकाटीचीही परीक्षा ठरते.

या सगळ्यात मतदार काय गमावतो, हे आंबेडकरांच्या पहिल्या मूल्यमापनाच्या आधारे सांगता येते. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे सदस्य पंधरावरून पाचांवर आले, सप्टेंबर २०२२ मध्ये अकरावरून तीनांवर. प्रश्नोत्तराच्या तासाला मंत्र्याला उभे करणारे, अर्थसंकल्पातील एखाद्या तरतुदीवर हरकत घेणारे, लोकलेखा समितीत, म्हणजे सरकारी खर्चाचा लेखापरीक्षकांच्या अहवालावरून हिशेब तपासणाऱ्या समितीत, कागद मागणारे लोक त्यामुळे कमी झाले. २०२२ चे पक्षांतर तर सरकार बनवण्यासाठीही नव्हते; भाजपचे वीस, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे दोन आणि तीन अपक्ष असे पंचवीस सदस्य सरकारच्या पाठीशी आधीच होते. सत्तेला बहुमताची गरज नसतानाही विरोधक खेचून घेतले जातात, तेव्हा दैनंदिन मूल्यमापन करणारी बाजू नाहीशी होते.

सभापतींचे आसन

अपात्रतेचा निर्णय दहाव्या परिशिष्टाने सभागृहाच्या अध्यक्षांकडे सोपवला आहे, ज्यांना गोव्यात सभापती म्हणतात. १९९२ साली किहोटो होलोहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी ही व्यवस्था वैध ठरवली, मात्र असा निर्णय देताना सभापती न्यायाधिकरणाचे काम करतात आणि म्हणून त्या निर्णयाची न्यायालयीन तपासणी होऊ शकते, हेही सांगितले. अडचण उरली ती वेळेची, कारण निर्णयासाठी मुदत कोठेच दिलेली नाही.

गोव्यातील दहा आमदारांविरुद्धच्या याचिका २०१९ सालच्या होत्या. तत्कालीन सभापती राजेश पाटणेकर यांनी त्या २० एप्रिल २०२१ रोजी फेटाळल्या. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी तो निर्णय कायम केला, तेव्हा नव्या विधानसभेसाठीचे मतदान होऊन दहा दिवस उलटले होते. खंडपीठापुढील मुद्दा असा होता की, मूळ पक्षाचे विलीनीकरण झालेलेच नसताना केवळ आमदारांच्या दोन तृतीयांश गटाच्या संमतीला विलीनीकरण म्हणता येईल काय. आणि परिशिष्टाच्या चौथ्या परिच्छेदातील 'मानण्यात येईल' या तरतुदीच्या आधारे न्यायालयाने होकारार्थी उत्तर दिले. देशभर पसरलेला पक्ष जागच्या जागी असताना पणजीतील दहा माणसांच्या सह्यांनी तो अन्य पक्षात विलीन झाल्याचे कायदा मानतो, हे वाचकाला चमत्कारिक वाटले तरी आजची कायदेशीर स्थिती त्या दिशेची आहे.

२०२२ मधील आठ आमदारांविरुद्धच्या याचिका सभापती रमेश तवडकर यांनी २०२४ च्या उत्तरार्धात फेटाळल्या. २१ ऑगस्ट २०२५ रोजी राज्यात दोन नव्या मंत्र्यांचा शपथविधी झाला. ते होते दिगंबर कामत, ज्यांच्याविरुद्ध ही याचिका होती, आणि स्वतः तवडकर, जे सभापतिपदाचा राजीनामा देऊन मंत्री झाले. यात नियमबाह्य काही नाही आणि त्यामुळे निर्णयामागील हेतूबद्दल काही सिद्ध होत नाही. परंतु ज्या पदावरील व्यक्तीचे पुढचे पद सत्ताधारी पक्षाच्या हातात आहे, तिच्याकडेच त्या पक्षाच्या लाभहानीचा निवाडा सोपवणे ही रचनेतील चूक आहे, आणि सभापतिपदावरून मुख्यमंत्रिपदावर गेलेल्या बार्बोझा यांच्यापासून ती गोव्यासमोर आहे. ब्रिटनच्या कनिष्ठ सभागृहाचा अध्यक्ष निवडून आल्यावर पक्ष सोडतो आणि पुन्हा पक्षीय राजकारणात परतत नाही; भारताने पद घेतले, पण त्या पदामागचा संकेत घेतला नाही.

मतदाराने काय केले?

'लोकच पुन्हा निवडून देतात, मग दोष कोणाचा?' हा युक्तिवाद पक्षांतराच्या समर्थनार्थ नेहमी केला जातो. तो पूर्णपणे खोटा नाही. दिगंबर कामत यांनी भाजपमधून २००५ साली काँग्रेसमध्ये आणि २०२२ साली काँग्रेसमधून पुन्हा भाजपमध्ये प्रवेश केला, आणि मडगावच्या मतदारांनी १९९४ पासून त्यांना सातत्याने निवडून दिले आहे. व्यक्तीशी असलेले नाते पक्षापेक्षा मोठे असते, असे मानणारा मतदारही मतदारच आहे.

तथापि २०२२ च्या निवडणुकीचा निकाल नीट पाहिला तर वेगळी गोष्ट समोर येते. २०१९ मध्ये पक्ष सोडलेल्या दहा जणांपैकी केवळ तिघे, बाबूश मोन्सेरात, जेनिफर मोन्सेरात आणि नीळकंठ हळर्णकर, पुन्हा विधानसभेत पोहोचले. पणजीत बाबूश मोन्सेरात यांचे मताधिक्य ७१६ इतकेच होते. उपमुख्यमंत्री कवळेकर केपे येथे पराभूत झाले. म्हणजे संधी मिळताच मतदाराने नियतकालिक मूल्यमापन केले आणि कठोरपणे केले.

पुढे जे घडले ते या संपूर्ण प्रश्नाचे सार आहे. नुवे आणि सांताक्रूझ या दोन मतदारसंघांनी पक्षांतर केलेल्या आमदारांना, अनुक्रमे विल्फ्रेड डिसा आणि आंतोनियो फर्नांडिस यांना, घरी बसवून काँग्रेसचे आलेक्स सिक्वेरा आणि रुडॉल्फ फर्नांडिस यांना निवडून दिले. निवडणुकीपूर्वी, जानेवारी २०२२ मध्ये, काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीचे महालक्ष्मी मंदिर, बांबोळीचा खुरीस (क्रूस) आणि बेतीचा दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ घ्यायला लावली होती. मतदान झाल्यानंतर सात महिन्यांनी सिक्वेरा आणि फर्नांडिस हे दोघेही भाजपमध्ये गेलेल्या त्या आठ जणांत होते. पक्षांतराला शिक्षा म्हणून दिलेले मतच पक्षांतरित झाले. अशा मतदाराला 'तूच निवडून देतोस' असे म्हणणे अन्यायाचे आहे. त्याच्या हातात जे एकमेव साधन होते ते त्याने वापरले, आणि ते निरुपयोगी ठरवले गेले.

याच गोव्यात याच वर्गातील प्रतिनिधी लोकांपुढे झुकल्याचीही उदाहरणे आहेत. २००७ च्या अखेरीस तीव्र जनआंदोलनानंतर विशेष आर्थिक क्षेत्रे रद्द करण्याची घोषणा करणारे मुख्यमंत्री दिगंबर कामतच होते. जानेवारी २०२१ मध्ये सत्तरी तालुक्यातील मेळावली येथे नियोजित आयआयटीला ग्रामस्थांनी जमिनीसाठी विरोध केला, तेव्हा तेथील आमदार आणि मंत्री विश्वजित राणे यांनी आधीची भूमिका बदलून प्रकल्प हलवण्याची मागणी केली आणि सरकारने तो तेथून मागे घेतला. हीच माणसे एका प्रसंगी लोकांचे ऐकतात आणि दुसऱ्या प्रसंगी ऐकत नाहीत, याचे कारण त्यांच्या स्वभावात शोधून सापडणार नाही. जमिनीच्या प्रश्नावर लोक संघटित होते आणि नकाराची किंमत लगेच मोजावी लागणार होती. पक्षांतराच्या प्रश्नावर ती किंमत कायद्याने वर्षानुवर्षे पुढे ढकललेली होती.

महाराष्ट्रातही वेगळ्या मार्गाने हेच घडले. जून २०२२ मध्ये शिवसेनेत आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये झालेल्या बंडानंतर विलीनीकरणाचा आधारही घेतला गेला नाही, तर मूळ पक्ष आपणच असा दावा करण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी विधानसभा अध्यक्षांना वाजवी कालावधीत निर्णय देण्यास सांगितले. शिवसेनेच्या प्रकरणाचा निर्णय १० जानेवारी २०२४ रोजी आला आणि त्यात कोणत्याही गटाचा एकही आमदार अपात्र ठरला नाही.

दुरुस्तीची दिशा

या अनुभवातून निघणाऱ्या दुरुस्त्या नव्या नाहीत. त्या अनेक वर्षे कागदावर आहेत. पहिली दुरुस्ती विलीनीकरणाचा अपवाद काढून टाकण्याची. ज्याला पक्ष बदलावयाचा आहे त्याने, तो एकटा असो वा दहा जणांसोबत असो, राजीनामा देऊन पुन्हा मतदारांपुढे जावे. हा मार्ग अव्यवहार्य नाही, कारण गोव्यातच विश्वजित राणे यांनी २०१७ मध्ये आणि सुभाष शिरोडकर व दयानंद सोपटे यांनी २०१८ मध्ये राजीनामा देऊन पोटनिवडणुका लढवल्या. त्यांच्या निर्णयाशी कोणी सहमत असो वा नसो, वाळपई, शिरोडा आणि मांद्रे येथील मतदारांना त्यावर आपले मत देता आले. या दुरुस्तीला एक जोड मात्र हवी: राजीनामा दिलेल्या आमदाराला पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्री करता येऊ नये. अपात्र ठरलेल्यांना असे बंधन २००३ पासून आहे, पण राजीनामा देणाऱ्यांना नाही, आणि म्हणूनच २०२० साली मध्य प्रदेशात राजीनामा दिलेल्या बावीस आमदारांपैकी चौदा जण पोटनिवडणुकीआधीच मंत्री होऊ शकले.

दुसरी दुरुस्ती निवाड्याची जागा बदलण्याची. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली मणिपूरच्या प्रकरणात अपात्रतेचे निर्णय साधारणतः तीन महिन्यांत व्हावेत असे सांगून स्वतंत्र न्यायाधिकरणाचा विचार करण्याची सूचना संसदेला केली, आणि ३१ जुलै २०२५ रोजी तेलंगणातील दहा आमदारांच्या प्रकरणात सभागृहाच्या अध्यक्षांकडे हे काम ठेवण्याचा फेरविचार व्हावा असे पुन्हा सुचवले. तिसरी दुरुस्ती व्हीपची व्याप्ती कमी करण्याची. १९९० साली दिनेश गोस्वामी समितीने आणि १९९९ साली विधी आयोगाने हीच शिफारस केली होती की, अपात्रतेची तलवार सरकारच्या अस्तित्वाच्या मतदानापुरती असावी. पक्ष सोडणे कठीण आणि पक्षात राहून मतभेद नोंदवणे सोपे, अशी रचना हवी. आज ती नेमकी उलट आहे, आणि त्यामुळे प्रादेशिक आराखड्यावर किंवा जमीन रूपांतराच्या विधेयकावर मतदारांच्या बाजूने मत देऊ इच्छिणाऱ्या सत्ताधारी आमदाराचे हात बांधलेले राहतात.

चौथी दुरुस्ती कायद्यापेक्षा प्रशासनाची आहे आणि तिचा परिणाम सर्वांत खोल जाईल. विकासनिधीचे वाटप, नोकरभरती आणि योजनांची मंजुरी आमदाराच्या शिफारशीपासून तोडून जाहीर निकषांवर आणि स्वतंत्र निवड यंत्रणेकडे नेली, तर 'विरोधात राहून कामे होत नाहीत' या वाक्यातील बळच निघून जाईल. आमदार त्या दिवशी वाड्यावरच्या नळाचा मध्यस्थ उरणार नाही, आणि त्याला ज्या कामासाठी निवडले, म्हणजे कायदा करणे, प्रश्न विचारणे आणि खर्चाचा हिशेब मागणे, त्याच कामावर त्याची पारख होईल.

गोव्याची पुढची विधानसभा निवडणूक २०२७ च्या आरंभी अपेक्षित आहे. त्या वेळी उमेदवारांकडून पुन्हा शपथा घेतल्या जातील आणि प्रतिज्ञापत्रे भरून घेतली जातील. परंतु देवासमोरची शपथ कोणत्याही न्यायालयात अंमलात आणता येत नाही, हे आता सिद्ध झाले आहे. मतदारांनी उमेदवाराच्या निष्ठेची हमी मागण्याऐवजी त्याच्या पक्षाकडे या चार दुरुस्त्यांवरील लेखी भूमिका मागावी आणि संसदेत त्या पक्षाने त्यांसाठी काय केले याचा जाब विचारावा. प्रतिनिधीने कारकीर्द घडवावी, मोठी पदे मिळवावीत, त्यात गैर काहीच नाही. मात्र त्या कारकिर्दीच्या प्रत्येक वळणावर नुवेच्या आणि सांताक्रूझच्या मतदाराची परवानगी लागेल, अशी व्यवस्था होईपर्यंत तो सेवक कोणाचा या प्रश्नाचे उत्तर त्याच्या सदिच्छेवर अवलंबून राहील, आणि राज्यघटनेने नागरिकाला सदिच्छेचे नव्हे, जबाबदारीचे वचन दिलेले आहे.